गीत-संगीत : पारंपरिक

कुकरची रिंग आणायला मनोहर नागपूरच्या बर्डीवर, बाजारात आला होता. सुमतीने जुनी रिंग नमुन्यासाठी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळून दिली होती आणि ‘या खेपेला मोठी आणू नका’ असं बजावलं होतं. ती पुडी हातात धरून तो मेन रोडच्या कडेने दुकानांच्या पाट्या वाचत चालला होता, तोच एका दुकानातून कोणीतरी गायला लागलं. ‘पान्या रे पान्या, वरते ये, झाड माहं उभं तहानलं.’ पहिल्या ओळीला त्याला फक्त गाणं ओळखीचं वाटलं. दुसऱ्या ओळीला आवाज ओळखू आला, आणि तो आपलाच आहे हे नीट कळायच्या आधी ओळ संपलीसुद्धा. तेव्हा छातीने आपलं जुनं काम केलं. खोल श्वास घेतला आणि धरून ठेवला. सोळा वर्षांपूर्वी तो गाण्यातल्या या जागी असाच श्वास धरून मनातल्या मनात आठपर्यंत मोजायचा. आता दोनपर्यंत पोचला नाही, तोच दुकानातला तो सव्वीस वर्षांचा मनोहर तिसरी ओळ म्हणायला लागला. रस्त्यावरच्या बेचाळीस वर्षांच्या मनोहरला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. कडेला बसलेली भाजीवाली म्हणाली, “बसा गा भाऊ इथं जरासे, पाणी प्या.”

तो बसला नाही. पण पुढेही जाता येईना. त्या गाण्यात दोन ओळींच्या मध्ये जागा होती, मुद्दाम ठेवलेली. विहिरीवर मोट चालते तेव्हा बैल उतारावरून खाली जातात, कातड्याची मोट वर येते, पाणी थारोळ्यात ओतलं जातं, आणि तेवढ्या वेळात मोट हाकणारा आपली ओळ म्हणून घेतो. मग बैल मागे सरकत वर येतात, मोट खाली जाते, आडवी होते, भरते. त्या वेळात माणूस गात नाही. मोट भरल्याचा आवाज त्याला ऐकायचा असतो. हे सगळं देवाजीने त्यांना महाल भागातल्या पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत समजावून सांगितलं होतं, सासष्ट साली. मनोहरला त्या रिकाम्या जागेत गिटारचे चार स्वर टाकायचे होते. देवाजीने त्याचा हात तारांवरून उचलून बाजूला ठेवला होता. “तिथं काही वाजवू नको गा. मोट भरून राहिली.”

देवाजी नरखेडकडच्या एका खेड्यातून बी.ए. करायला नागपूरला आलेला. सावळा, उंच, बोलायला कमी, आणि गळा असा की त्याने स्वतः गावं असं त्याच्या आईलाही वाटलं नसतं. पण शब्द आणि चाली त्याच्या खिशात शेंगदाण्यांसारख्या असायच्या, मागितल्या की मूठभर काढून द्यायचा. गाणारा मनोहर, एक बोंगोवाला, एक अकॉर्डियनवाला आणि रेल्वे क्वार्टरमधून जुनी गिटार विकत घेऊन आलेला हा देवाजी, असा चौघांचा ग्रुप होता. काळ्या तंग पँटी शिवल्या, केस कपाळावर ओढले आणि नाव ठेवलं ‘द लँटर्न्स’. नागपूरने दोन महिन्यांत त्याची ‘कंदील पार्टी’ केली. या गावात कोणी जमिनीपासून वीतभर वर उठला की त्याचे पाय धरून खाली ओढायला चार प्रेमळ माणसं हजर असतात. तरी कॉलेजच्या गॅदरिंगला, गणपतीच्या मांडवात कंदील पार्टीशिवाय चालत नसे. इंग्रजी गाण्यांना टाळ्या पडायच्या, पण देवाजीची वऱ्हाडी गाणी सुरू झाली की मागच्या रांगेतली पोरं शिट्ट्या मारायची थांबायची. मनोहरला तेव्हा वाटायचं, ही आपल्या आवाजाची करामत.

दुकानात चंपतराव नावाचे गृहस्थ काउंटरमागे बसले होते. मागे भिंतभर कॅसेटी. मनोहरने आत पाऊल टाकलं ते रागातच.

“हे गाणं मधे मधे कापलंय,” तो म्हणाला.

“कापलं नाही साहेब, साफ केलं. जुनी रेकॉर्ड होती न. बीचमध्ये आवाजच नव्हता. गिऱ्हाईक समजते का पट्टी खराब हाय, अन् वापस आणून देते.”

“ते तसंच होतं. मुद्दाम होतं.”

“तुमाले काय मालूम?”

“मी गायलोय ते.”

चंपतरावांनी त्याच्याकडे पाहिलं, मग कॅसेटच्या कव्हरकडे, मग पुन्हा त्याच्याकडे. कव्हरवर तोच जुना फोटो होता, कपाळावर केस आणि छातीशी गिटार. ती गिटार देवाजीची होती. मनोहर मुंबईला जाताना मागून घेऊन गेला होता. “अरे बाप रे,” चंपतराव म्हणाले आणि स्वतःची खुर्ची सोडून उभे राहिले. रेकॉर्ड काढणारी मुंबईची कंपनी बंद पडली होती, तिच्या जुन्या मालातून त्यांनी ही एक रेकॉर्ड हक्कासकट उचलली होती, आणि पहिला लॉट महिन्याभरात संपला होता. काटोल, सावनेर, वरूडकडून मागणी होती. “दुसरा लॉट काढून राहिलो. सोमवारी कव्हर प्रेसले जाते. तुमी आज देवासारखे आले.” चहा आला. मनोहरने तो चहा थंड होऊ दिला आणि दहा मिनिटं मोटेवर बोलला. बैल, उतार, भरणारं पाणी, आणि ती शांतता कापणं म्हणजे कसं पाप आहे.  आपण देवाजीसाठी भांडतोय असं त्याला वाटत होतं, आणि ते वाटणं फार सुखाचं होतं. चंपतराव भला माणूस. मान डोलवत म्हणाले, “बरं बरं. जसं होतं तसं टाकतो. कलाकाराचं मन दुखवून कशाले?” मग त्यांनी कव्हर त्याच्यापुढे सरकवलं. “बाकी सगळं बरोबर हाय न? गायक मनोहर. गीत-संगीत पारंपरिक.”

“हो,” मनोहर म्हणाला.

हे ‘हो’ त्याच्या तोंडून कसं गेलं, ते त्याला मनीषनगरला पोचेपर्यंत कळलं नाही. मोकळ्या लेआऊटमध्ये दहा-बारा घरं उठली होती, मातीचे रस्ते आखले होते आणि त्याच्या घराला अजून बाहेरून गिलावा नव्हता. सायकल अंगणात उभी करताना त्याच्या लक्षात आलं की रिंग आणायची राहिली, आणि नमुन्याची जुनीही कुठेतरी पडली. सुमती चिडली नाही. कॅसेट हातात घेऊन तिने फोटो पाहिला, हसली, म्हणाली, “किती केस होते हो तुम्हाला!” आणि मग, “कॅसेट निघाली, तं तोंड काहून उतरलं?”

“काही नाही. गाणं कापलंय त्यांनी,” तो म्हणाला. ते खरंच होतं. त्याच्या आयुष्यातली बहुतेक खोटी कामं त्याने अशीच अर्धी खरी वाक्यं बोलून केली होती.

कारण मुंबईतही तसंच झालं होतं. कंपनीचा माणूस गॅदरिंगला आला, त्याने चौघांचं ऐकलं आणि एकट्या मनोहरला बोलावलं. बाकी दोघं चार दिवस रुसले, मग नोकऱ्यांच्या मागे लागले. देवाजी रुसला नाही. त्याने सहा गाण्यांची वही दिली, गिटार दिली आणि म्हणाला, “मी येतो तुयासंगं.” पण जानेवारी होता. संत्र्याच्या झाडांना महिना-दीड महिना पाणी तोडून ताण दिलेला असतो, आणि तो नेमक्या दिवशी मोडावा लागतो, नाहीतर बहार हातचा जातो. देवाजीचे वडील अंथरुणावर पडले आणि तो गावी मोटेवर गेला. मनोहरने दोन दिवसांत सहा गाणी गायली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऑफिसातल्या एका सभ्य माणसाने फॉर्म पुढे केला. गीतकार, संगीतकार. ‘त्यांची सही लागेल. ते कुठे आहेत?’ मनोहर म्हणाला, खेड्यात. ‘फोन?’ नाही. ‘मग सही येईपर्यंत थांबू या, दोन-तीन महिने.’ आणि मग त्या माणसाने सहज, पेनाचं टोपण काढता काढता विचारलं, ‘लोकगीतंच आहेत ना तशी? पारंपरिक लिहिलं तर सही लागत नाही.’ मनोहरने पारंपरिक लिहिलं. त्या माणसाने जबरदस्ती केली नाही, धमकी दिली नाही. नुसतं टोपण काढलं. पुढे सोळा वर्षं मनोहर त्या माणसाला दोष द्यायची खटपट करत होता आणि ते काही केल्या जमत नव्हतं.

रेकॉर्ड आली तेव्हा देवाजी गिरणीवरच्या खोलीत ऐकायला आला. दोन्ही बाजू ऐकल्या. कव्हर उलटून वाचलं. रेकॉर्ड तिच्या पाकिटात नीट घातली, कोपरा मुडपला होता तो सरळ केला आणि म्हणाला, “मस्त गायलास गा.” मग भिंतीला टेकलेली आपली गिटार उचलून तो नरखेडच्या बसला गेला. त्याने काही विचारलं असतं तर मनोहरकडे उत्तरं तयार होती. तो विचारेल म्हणून तर ती तयार केली होती. न विचारलेल्या प्रश्नाची उत्तरं माणूस कुठे ठेवणार? ती आत साचत गेली. मोटेची गाणी सगळ्यांचीच असतात, हे एक उत्तर होतं. ते फार चांगलं होतं, पण देवाजीला ते गाणं करताना मनोहरने डोळ्यांनी पाहिलं होतं. ‘वरते ये’ ठेवायचं की ‘वर ये’, यासाठी तो तीन दिवस गिरणीच्या पायऱ्यांवर बसून होता, डोक्यात पीठ पडून म्हातारा दिसत होता. तिसरं कडवं अकरा दिवसांनी सुचलं तेव्हा त्याने मनोहरला झोपेतून उठवलं होतं.

दुसरं उत्तर जास्त गुपित होतं. मनोहर वीज मंडळाच्या कचेरीत लागला आणि शेतीपंपांच्या जोडणीचे अर्ज त्याच्या टेबलावर यायला लागले. नरखेड तालुक्याचा गठ्ठा आला की तो नावं वाचायचा. चौऱ्याहत्तर साली एका अर्जावर देवाजीची सही दिसली, तीच तिरकी. लोकांना आठ-आठ महिने वाट पाहावी लागायची. तो अर्ज मनोहरने दोन दिवसांत पुढे सरकवला. कोणाला सांगितलं नाही. त्या दिवशी तो हलक्या पायांनी घरी गेला, सुमतीला गजरा घेतला, आणि देवाजीचं देणं फिटलं असं स्वतःला सांगितलं. देवाजीच्या विहिरीवरची मोट आपण बंद केली, हे त्याच्या ध्यानात यायला बरीच वर्षं गेली.

म्हणजे एकोणसत्तर साली वय कमी होतं, घाई होती, फोन नव्हता, सगळं होतं. पण गुरुवारी, चंपतरावांच्या दुकानात, यातलं काय होतं? कोणी घाई करत नव्हतं. चहासुद्धा समोर होता. शुक्रवारभर तो टेबलावर बसून त्या ‘हो’कडे पाहत राहिला. शनिवारी जेवणाच्या सुटीत तो बर्डीवर गेला आणि चंपतरावांना म्हणाला की कव्हरावर एक नाव घालायचं आहे, गीत-संगीत पारंपरिक नाही. चंपतरावांनी डोकं खाजवलं. “घालू न. पण त्या माणसाची लेखी सही आणा भाऊ. उद्या आणखी कोणी उभं राह्यलं तं मी कोणाकोणाले जवाब देऊ? सोमवारी सकाळी प्रेस हाय, ध्यानात ठेवा.” इथेही सहीच. मनोहरला हसू आलं.

“नरखेडला जाऊन येतो. ऑफिसचं काम आहे,” त्याने सुमतीला सांगितलं.

“रविवारी कोणतं ऑफिस उघडं राहते?” ती म्हणाली, पण डब्यात पोळ्या दिल्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. काटोल मागे पडलं तशा रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बागा लागल्या. फेब्रुवारी होता, संत्री फुलली होती, आणि तो वास बसच्या डिझेलमध्ये मिसळून आत येत होता. मनोहरने वाक्य तयार केलं. ‘देवाजी, माझी चूक झाली.’ हे फार नाटकी. ‘देवाजी, एक सही पाहिजे होती.’ हे तर वसुलीवाल्यासारखं. स्टेजवर दोन-दोन हजार माणसांसमोर न घाबरणारा हा माणूस एका वाक्यासाठी नरखेडपर्यंत ओठ हलवत राहिला, आणि शेजारच्या म्हातारीला वाटलं, बिचारा जप करून राहिला.

गावाच्या फाट्यावर उतरून मैलभर चालल्यावर बाग लागली. देवाजी धोतर खोचून, अनवाणी, फावड्याने आळ्यात पाणी वळवत होता. केस पिकले होते. पंपाच्या आवाजामुळे त्याला पावलं ऐकू आली नाहीत. मग वर पाहिलं आणि फावडं चिखलात उभं करून म्हणाला, “आलास काय? जाडा झालास गा.”

त्याने पंप बंद केला. दोघं बांधावर बसले. देवाजी झाडांबद्दल बोलला. यंदा ताण चांगला बसला, फूल भरपूर आहे, डिंक्या रोगाने चार झाडं गेली. मनोहर ‘हो, हो’ करत होता. शेवटी त्याने कॅसेट काढून दिली आणि मध्येच कुठूनतरी सुरुवात केली. चंपतराव, दुसरा लॉट, मुंबईचा तो फॉर्म. “तिथे मी...”

“माहीत हाय न मले,” देवाजी म्हणाला. “कव्हर वाचलं होतं मी.”

“तू काही बोलला नाहीस.”

“काय बोलू? तू थांबला असतास, तं त्यायनं दुसरा पकडला असता. मी तुयासंगं आलो असतो, तं झाडं गेली असती. मी बी झाडंच निवडली गा.” तो जरा हसला. “अन् माहं कनेक्शन दोन महिन्यांत आलं. मंग लाइनमननं सांगतलं मले, तिथं मनोहर साहेब बसतात म्हणून.”

मनोहरला एकदम इतकं हलकं वाटलं की त्याची त्यालाच लाज वाटली. एवढंच होतं? यासाठी सोळा वर्षं? त्याने उत्साहाने सांगितलं की त्या दुकानदाराने मोट भरायची जागा कापली होती, पण आपण ती परत घालायला लावली. देवाजीने बंद पंपाकडे पाहिलं. “राह्यली काय, कापली काय, एकच हाय. आता बटन दाबलं का पाणी येते. चाल, चहा घे.”

बागेच्या कोपऱ्यात दोन खोल्यांचं घर होतं. देवाजीची बायको सिंधूताई पदर सारखा करत बाहेर आली. तिला नागपूरचे पाहुणे आले याचंच मोठं अप्रूप. बाज टाकली, तीन कप चहा आणला, पाहुण्याला बशीत चिवडा दिला. “तुमची वळख कशी जी भाऊजी? हे तं कधी बोलले नाही.”

“आम्ही एका पार्टीत होतो. कॉलेजात. गाणी करायचो.” मनोहरचं आता सगळं सोपं झालं होतं. त्याने शबनममधून कागद आणि पेन काढलं. “ते ‘पान्या रे पान्या’ आहे ना वहिनी, रेडिओवर लागायचं ते. मी गायलेलं. ते देवाजीचं आहे. शब्द, चाल, सगळं त्याचं. रेकॉर्डवर त्याचं नाव नव्हतं, ती माझी चूक. मीच पारंपरिक लिहून दिलं. आता नाव घालायचं, म्हणून ही सही घ्यायला आलो.”

सिंधूताई आपला कप तोंडाशी नेत होती. तो तिने खाली ठेवला.

“रेडिओतलं गाणं?” ती म्हणाली. “हे यायनं केलं?”

“हो. माझ्या डोळ्यांदेखत.”

ती देवाजीकडे वळली. “लगनाच्या नव्यानं तुमी सांगतलं होतं मले. गाणं लागलं होतं, तवा.”

“सांगतलं होतं,” देवाजी म्हणाला.

“मी म्हटलं, रेडिओवाला तं जुनं गाणं म्हणून राहिला. माही आजी बी म्हणे, आमच्या वेळचं हाय.”

“हो.”

“मंग पुन्हा काहून नाही सांगतलं?”

“तू हासली होतीस वं,” देवाजी म्हणाला. त्यात तक्रार नव्हती. अमक्या साली पाऊस कमी होता, असं सांगावं तसं त्याने ते सांगितलं.

“मी?” सिंधूताईने त्याच्याकडे पाहिलं. “मी एकडाव हासली, अन् तुमी पंधरा वर्षं...”  तिने हात पदरात गुंडाळले. मनोहर पेन हातात धरून बसला होता. हा हिशेब दोघांचा आहे, एकाने दुसऱ्याचं घेतलं आणि आता परत देतोय, एवढंच तो धरून आला होता. या घरात, या बाजेवर, आपल्या एका शब्दाने एक नवा नवरा आपल्या नव्या बायकोसमोर खोटा पडला होता, हे त्याच्या सोळा वर्षांच्या उत्तरांत कुठेच नव्हतं. बांधावर आलेला हलकेपणा त्याला आता सहन होईना. उठून जावं असं वाटलं, पण कागद अजून कोराच होता.

“आणखी बी केले होते गाणे?” सिंधूताईने विचारलं. आवाज अगदी लहान झाला होता तिचा.

“होते.”

“लगनाच्या मागून बी?”

“थोडे दिवस. मोटेवर.”

“एखांदं म्हणून दाखवा न मले.”

देवाजीने खरोखर प्रयत्न केला. मान खाली घातली, ओठ जरासे हलले, एक बोट बाजेच्या लाकडावर दोनदा वाजलं आणि थांबलं. मनोहरने त्याच्याकडे पाहिलं नाही, पण त्याचे कान तिथेच होते.

“आता आठोत नाही वं,” देवाजी म्हणाला. मग त्याने चिखलाचे हात धोतराला पुसले, मनोहरच्या हातून कागद घेतला आणि सही कुठे करायची ते विचारलं.